निळ्या खाचा, काळ्या खाचा

मंदाताई आमच्या कॉलेजात कागदोपत्री सफाई कामगार होत्या. ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्यांचं नाव जिने आणि संडास धुणाऱ्या बायकांमध्ये होतं, आणि शेवटपर्यंत तिथंच राहिलं. पण कॉम्प्युटर लॅब त्यांच्या हातावर चालते, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लॅबची इन्चार्ज मी. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, फर्स्ट क्लास. दाराबाहेरच्या पाटीवर नाव माझं, आणि मशीन बंद पडलं की मुलं हाक मारायची ती मंदाताईंना.

सुरुवातीला मला याचा राग यायचा, हे सांगून टाकते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सायखेड्याच्या घरात माझं पदवीचं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत, देव्हाऱ्याच्या शेजारी लावलेलं आहे. आलेल्या-गेलेल्याला वडील ते दाखवतात आणि म्हणतात, "आमची पोर इंग्रजी असं वाचती, जसं आपण पाटी वाचतो." अशा घरातून आलेल्या मला आठवी झालेल्या बाईकडून शिकायचं म्हणजे जड गेलं. पण शिकले. मशीन उघडायचं कसं हे मला कॉलेजनं नाही शिकवलं, मंदाताईंनी शिकवलं.

लग्नाआधीपासून त्या सातपूरच्या एका कारखान्यात होत्या. टीव्हीच्या सर्किटवर बारीक बारीक भाग बसवायचं काम. एका रांगेत सोळा बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर भिंगाचा दिवा. वीस वर्षं ते केलं, मग कारखाना बंद पडला. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या बाजूला कंत्राटी कामगार, घर तिथंच जवळ. नाशिकरोडला आमच्या कॉलेजात झाडूचं काम मिळालं म्हणून त्या आल्या. एके दिवशी लॅब झाडताना त्यांनी माझ्या आधीच्या सरांना एका बंद मशीनशी झटताना पाहिलं. झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "सर, त्या पट्टीचे दात काळे पडलेत. खोडरबर हाय का?" सरांनी गंमत म्हणून खोडरबर दिलं. त्यांनी पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, फुंकर न मारता पदरानं पुसली आणि परत बसवली. मशीन सुरू झालं. त्या दिवसापासून त्यांच्या कमरेच्या पिशवीत तंबाखूच्या डबीऐवजी खोडरबर आलं, असं त्याच सांगायच्या. तंबाखू सुटली ती तेव्हाच.

अंगानं त्या किरकोळ होत्या. चालणं भरभर, पण हात लावला की सावकाश. मशीन उघडण्याआधी हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवायच्या आणि खिडकीच्या लोखंडी गजाला दोन्ही तळवे लावून क्षणभर उभ्या राहायच्या. अंगातली वीज आधी लोखंडाला द्यायची, नाहीतर ती नाजूक पट्टीत उतरते, हे कारखान्यातलं शिक्षण. मुलांना वाटायचं ताई नमस्कार करतात. मग प्रॅक्टिकलच्या दिवशी मुलंही लॅबमध्ये शिरताना त्या गजाला हात लावून छातीला लावायला लागली. मी एकदा हसून ताईंना म्हटलं, "सांगा की त्यांना खरं काय ते." त्या म्हणाल्या, "लावू द्या. पास झाली तर आपलं काय जातंय?"

कुणी घाई केली की त्यांचं एकच वाक्य असायचं, "घाई कोणाला हाय?" हे त्या प्राचार्यांनाही म्हणायच्या.

त्यांचा सगळा जीव रॅमच्या पट्ट्यांत. कॉम्प्युटर काम करताना जे तात्पुरतं लक्षात ठेवतो ते या पट्टीत ठेवतो. पंज्याएवढी लांब, दोन बोटं रुंद, वर काळ्या चिपांची रांग. एका मशीनमध्ये एकसारख्या दोन पट्ट्या नेमक्या खाचांत, म्हणजे आमच्या जुन्या मशिनांत एकाच रंगाच्या दोन खाचांत, बसवल्या की दोन्ही एकदम काम करतात आणि मशीन चपळ होतं. पुस्तकात याला ड्युअल चॅनल म्हणतात. मंदाताई म्हणायच्या, "दोन्ही नळ." मुलांना त्या असं समजावायच्या: "टाकी एका नळानंबी भरते, पण दुसरा नळ चालू केला तर निम्म्या वेळात भरते. फक्त दोन्हींची धार सारखी पाहिजे. आणि दोन नळ म्हणजे दोन पाइप. एकाच पाइपाला दोन तोट्या लावल्या तर पाणी तेवढंच." मी हेच दोन तास फळ्यावर शिकवायचे.

पट्ट्या आणायला आम्ही दोघी एमजी रोडला जायचो. दुकानदार त्यांना ओळखून होता, तरी दर वेळी प्रयत्न करायचा.

"ताई, ही घ्या जोडी. दोन्ही आठ जीबी, एकाच कंपनीच्या."

मंदाताई पट्ट्या पालथ्या करायच्या. "हिच्या एकाच बाजूला चिपा हायेत, हिच्या दोन्ही बाजूंना."

"चालतात हो. सगळे नेतात."

"चालतील. पण मला जुळं पाहिजे. हे चुलतभाऊ हायेत."

तो हसत आत जायचा आणि एकाच खोक्यातल्या, एकाच आठवड्यात बनलेल्या दोन पट्ट्या घेऊन यायचा. मंदाताई तिथंच दोन्हींना पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल वेढा द्यायच्या, म्हणजे वाटेत जोडी फुटायला नको.

जोडी फोडली की त्या खरंच चिडायच्या. त्या दोन दिवस रजेवर असताना ऑफिसमधल्या हेडक्लार्कनं सतरा नंबरच्या मशीनमधली एक पट्टी काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली. परत आल्यावर सकाळी मशिनं चालू करताना हे त्यांच्या लक्षात आलं. आमच्या जुन्या मशिनांत सुरू होताना काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ क्षणभर यायची. दोन्ही नळ चालू असले तर 'ड्युअल', नसले तर 'सिंगल'. मंदाताईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण ड्युअलला चार अक्षरं आणि सिंगलला सहा, एवढं त्यांनी पाठ केलं होतं. शब्द आखूड दिसला की पुढं जायचं, लांब दिसला की मशीन उघडायचं. सतरा नंबरवर लांब शब्द आला. त्या तशाच ऑफिसात गेल्या.

"भाऊसाहेब, सतरा नंबरची पट्टी तुमच्याकडं आलीय."

"अहो ताई, कॉलेजचीच आहे. इकडची तिकडं झाली."

मंदाताईंनी टेबलाखाली वाकून त्यांची काढून ठेवलेली एक चप्पल उचलली. "ही मी लॅबमध्ये ठेवते. लांब नाय नेत, कॉलेजातच राहील."

सगळं ऑफिस हसलं. हेडक्लार्क सुद्धा. पट्टी दुपारच्या आत परत आली.

पण त्या आखूड आणि लांब शब्दांमागे आणखी काही होतं, ते मला पुढच्या वर्षी कळलं. मंदाताई पट्ट्यांवरच्या लेबलांचे आकडे वाचून घ्यायला माझ्याकडं यायला लागल्या. "मॅडम, एवढं वाचता का, चष्मा घरी राहिला." तिसऱ्यांदा चष्मा घरी राहिला तेव्हा मी विचारलं, "ताई, चष्मा आहे का तुम्हाला?"

त्या खिडकीत ठेवलेल्या बांगड्या हातात चढवत राहिल्या. मग म्हणाल्या, "शुगर हाय. डोळ्यांत उतरलीय. मधी मधी काळे ठिपके येतात, कडेचं पुसट होतं. रंग तर संध्याकाळचे कळतच नाय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"इंजेक्शनं सांगितलीत. डोळ्यात. दर महिन्याला एक. दोन झाली. घेत राहिलं तर आहे तेवढं टिकंल म्हणतात, सोडलं तर जाईल."

"मग सोडू नका."

"नाय सोडत. हात चालायला डोळे पाहिजेत ना, मॅडम. नुसतं घरी बसायला कोण घेतं डोळ्यात सुई?" आणि आवाज खाली आणून, "कोणाला बोलू नका. आंधळीच्या हातात मशीन कोण देईल?"

मी कोणाला बोलले नाही. आकडे मी वाचायचे, बाकीचं त्यांचे हात करायचे. आमचं असं दीड वर्ष बिनबोभाट चाललं. इंजेक्शनाच्या दिवशी त्या अर्धी रजा टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यानं हजर असायच्या.

मग नवी लॅब आली. चोवीस मशिनं. प्रत्येकात कंपनीनं एकच पट्टी बसवून दिली होती, दुसरी आपण टाकायची होती. मंदाताई आठ दिवस खुशीत होत्या. कंपनीनं घातलेल्याच जातीच्या पट्ट्या आणल्या, मशिनं टेबलांवर मांडली. पहिलं मशीन उघडलं आणि त्या थांबल्या.

मी त्या वेळी विद्यापीठाचे परीक्षा फॉर्म ऑनलाइन भरत होते. साइट सारखी बंद पडत होती आणि त्या दिवशीच मुदत संपत होती.

"मॅडम, इथं मांडणी वेगळी दिसतीय. आपल्या जुन्यात खाचा एकाआड एक रंगाच्या. निळी, काळी, निळी, काळी. इथं दोन निळ्या शेजारी, दोन काळ्या शेजारी. का मलाच तसं दिसतंय?"

मी पडद्यावरून नजर काढली नाही. "रंगाला रंग लावा, ताई. सगळीकडं तेच असतं."

"मशीनबरोबरच्या पुस्तकात बघता का एकदा? तुम्ही वाचलं म्हणजे मला बरं."

"बघितलंय मी," मी म्हटलं.

मी पुस्तक बघितलं नव्हतं. ते खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जसं आलं तसं बंद होतं.

त्यांनी रंगाला रंग लावला. पहिल्या निळ्या खाचेत कंपनीची पट्टी होती, शेजारच्या निळ्या खाचेत दुसरी बसवली. चोवीसच्या चोवीस मशिनांत. सुरू करून पाहिलं तर नव्या मशिनांवर कंपनीचं चित्र यायचं, आणि ती आखूड-लांब शब्दाची ओळ येतच नव्हती. "ती ओळ कुठं गेली, मॅडम?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नव्यात नसते. त्यांना ते पटलं नाही. दोन-तीन दिवस त्या एकेक मशीन परत परत सुरू करून पडद्याजवळ तोंड नेऊन बसायच्या.

मशिनं चालायची, पण ॲनिमेशनच्या प्रॅक्टिकलला अडखळायला लागली. चित्र हललं की पडदा थांबायचा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंड वाकडं केलं, एका बॅचचा पेपर तासभर लांबला. प्राचार्यांनी मशिनं पुरवणाऱ्याचा इंजिनिअर बोलावला. पंचविशीचा मुलगा. त्यानं एक मशीन उघडलं, मग दुसरं, मग हात झटकले.

"दुसरी पट्टी चुकीच्या खाचेत आहे. सगळ्यांतच. कुणी बसवली?"

मंदाताई दारात उभ्या होत्या. "मी."

त्यानं त्यांच्याकडं, त्यांच्या हातातल्या फडक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. प्रत्येक मशीनमधली एकेक पट्टी उचलून पलीकडं बसवत गेला. चोवीस मशिनांना त्याला एक तास लागला. जाताना मला हळूच म्हणाला, "मॅडम, या बोर्डला निळी आणि काळी मिळून जोडी होते. पुस्तकात पहिल्याच चित्रात आहे."

दुपारी प्राचार्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. पण ठेकेदाराची सफाई कामगार बाई लाखोंची मशिनं उघडते, हे परीक्षकांसमोर आलं होतं आणि त्यांना त्याचं उत्तर द्यायचं होतं.

"मॅडम, हे काम तुमच्या देखरेखीखाली झालं ना?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या आधी मंदाताई बोलल्या. "मॅडमनी मला बरोबर सांगितलं होतं, सर. रंगाला रंग. मीच विचारलं होतं, पुस्तकात बघून त्यांनी सांगितलं. मला निळं काळं कळलं नाय, काळी खाच निळी समजून पट्टी लावली. माझे डोळे गेलेत, सर. दीड वर्षापासून गेलेत. मी लपवलं."

प्राचार्य माझ्याकडं बघत होते. सांगायला एवढंच होतं, की पुस्तक मी उघडलं नव्हतं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. मग दारावरच्या पाटीवरचं नाव, सायखेड्याच्या भिंतीवरची चौकट, सगळं एकदम आठवलं, आणि मी टेबलावरच्या काचेकडं बघत बसले.

"ताई, मग यापुढं मशिनांना हात लावू नका," प्राचार्य हलक्या आवाजात म्हणाले. "तुमच्यासाठीच सांगतोय."

"नाय लावत," मंदाताई म्हणाल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांनी माझाच हात धरला. "तुम्हाला बोलणी खावी लागली माझ्यामुळं." मी म्हटलं, "तसं काही नाही, ताई."

त्या संध्याकाळी मी पिशवी फाडून पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर चित्र होतं. दोन निळ्या शेजारी, दोन काळ्या शेजारी, आणि बाण एका निळीकडून एका काळीकडं. वाचायला मला मिनिटही लागलं नाही. मंदाताईंना जे दिसलं होतं ते जसंच्या तसं खरं होतं. त्यांच्या त्या डोळ्यांना जी मांडणी वेगळी दिसली, ती वेगळीच होती.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये आल्याच नाहीत, खालच्या मजल्याचे जिने धुतले. मी वरच्या कठड्यावरून बघितलं. पाणी टाकून झाल्यावर त्या कोपरे हातानं चाचपत होत्या, कचरा राहिला का ते बघायला. त्या आधी असं कधी करत नव्हत्या. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या नजरेला विचारणंच सोडून दिलं. लॅबचं मशीन बंद पडलं की मुलं खाली जाऊन त्यांना बोलवायची. त्या म्हणायच्या, "मॅडमना सांगा. माझं काम नाय ते." दोन महिन्यांनी त्या कामावर यायच्या बंद झाल्या.

मी त्यांच्या घरी गेले ते दीड वर्षानं. त्यांच्याबरोबरची एक बाई बोलता बोलता म्हणाली, "मंदाला आता काहीच दिसत नाय. इंजेक्शनं सोडली ना तिनं." मी विचारलं कधी सोडली. ती म्हणाली, "लॅब सुटली तेव्हाच की."

रविवारी पुस्तक पर्समध्ये घालून मी एकलहऱ्याला गेले. वीज केंद्राच्या धुराड्यांच्या अलीकडं बैठ्या घरांची ओळ आहे, तिथं त्यांचं घर. पत्र्यावर राखेचा थर होता. दारात मंदाताई ताटात तांदूळ पसरून बोटांनी खडे शोधत बसल्या होत्या. माझ्या चपलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण बघितलं ते माझ्या बाजूला.

"मी आलेय, ताई. लॅबमधून."

"मॅडम." त्या उठल्या, चाचपत माझा हात धरला, आत नेऊन बसवलं. मशिनांची चौकशी केली, एकेका नंबरानं. सतरा चालतं का, तिसऱ्याचा पंखा वाजतो का अजून. नवरा चहा करून घेऊन आला आणि बाहेर जाऊन बसला.

मी सगळं सांगितलं. आधी वाटेत पाठ केलं होतं, तसं काही जमलं नाही. पुस्तक बंद पिशवीत होतं, मी वाचलं नव्हतं, खोटं बोलले. खाचा तशाच होत्या जशा तुम्ही सांगितल्या. तुम्हाला बरोबर दिसलं होतं, ताई. चूक माझी होती.

मंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसल्या.

"मॅडम, तुम्ही मनानं लय चांगल्या. पण माझं मला माहीत हाय ना."

"मी खरं सांगतेय. पुस्तक आणलंय, हे बघा."

ते बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांनी हात पुढं केला. मी पुस्तक हातात दिलं. त्यांनी पहिलं पान उघडलं, त्यावरून बोटं फिरवली. कागद गुळगुळीत होता. कुठं निळं, कुठं काळं, बोटांना काय कळणार.

"असंल," त्या म्हणाल्या आणि पुस्तक मिटून परत दिलं. "तुम्ही एवढ्या लांब आलात माझ्यासाठी, तेच लय झालं. दुसरं कोण येतं?"

मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "जाऊ द्या मॅडम. मी काय तुमच्यावर रागावले नाय. माझ्या डोळ्यांनी केलं ते."

"इंजेक्शनं परत सुरू करता येतील का?"

"आता नाय होत म्हणतात." हे त्यांनी तांदळात खडा सापडला म्हणावं, एवढ्या सहज सांगितलं.

निघताना त्या ऐकेनात, रिक्षा स्टॉपपर्यंत सोडायला आल्याच. माझ्या खांद्याला हात, चालणं तेच भरभर. वाटेत कुणी तरी विचारलं, "कोण पाहुणी, मंदाकाकू?" त्या म्हणाल्या, "आमच्या लॅबच्या मॅडम. लय शिकलेल्या हायेत."

स्टॉपवर नाशिकरोडची एक शेअर रिक्षा जवळजवळ भरलेली होती. मी पाय टाकणार तेवढ्यात मागून एक म्हातारा आला, त्याला बसू दिलं. रिक्षावाल्यानं हातानंच मागची रिक्षा दाखवली. मी बाजूला झाले. मंदाताईंचा हात माझ्या खांद्यावरून सुटला होता. इंजिनाचा आवाज झाला, रिक्षा हलली, आणि त्यांनी त्या आवाजाकडं तोंड केलं.

"सावकाश जा मॅडम," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "पोचल्यावर फोन करा."

आणि हात हलवत राहिल्या. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तरी हलवत होत्या. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते. एक हाक मारायची होती. मी श्वास रोखून उभी राहिले, त्यांना माझी चाहूल लागू नये म्हणून. त्यांनी पदर सारखा केला, भिंतीला हात लावला आणि घराकडं वळल्या.